चोवीस कागदांचा उपग्रह

आकाशकंदिलाला कागद किती लागतो, असे कंदील करणाऱ्याला विचारले तर तो ताव सांगतो. तुकडे कुणी मोजत नाही. पण एकदा ते मोजून पाहावेत. कामट्यांचा, चौकोन आणि त्रिकोणांचा, आपल्या लहानपणापासूनचा जो पारंपरिक कंदील आहे, त्याच्या पोटाभोवती आठ चौकोनांचा एक पट्टा असतो. त्याच्या वर चार तिरके चौकोन आणि त्यांच्या मधल्या खाचांत चार त्रिकोण. खाली पुन्हा तसेच चार आणि चार. सगळ्यात वरचा चौकोन दिव्याची वायर आणि उष्णता जाण्यासाठी मोकळा सोडतात. तळचा चौकोनही मोकळाच, तिथे झिरमिळ्या. म्हणजे सोळा चौकोन आणि आठ त्रिकोण, एकूण चोवीस तुकडे चिकटवायचे आणि दोन बाजू रिकाम्या ठेवायच्या. पृष्ठे सव्वीस, कागद चोवीस.

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रशियातील कापुस्तिन यार येथून भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. ‘आर्यभट’चे वजन ३६० किलो, रुंदी सुमारे १.४ मीटर आणि पृष्ठे सव्वीस. वरचे आणि खालचे पृष्ठ सोडून बाकी सर्व पृष्ठांवर सौरघट बसवलेले होते. म्हणजे चोवीस.

हा योगायोग खरा, पण निव्वळ योगायोगही नव्हे. आर्यभट कंदिलापेक्षा जरा चपटा आहे, उंचीला कमी आणि रुंदीला जास्त. त्यामुळे दोघांची पृष्ठे एकावर एक ठेवून जुळणार नाहीत. जुळतो तो हिशेब: मध्ये एक पट्टा, वर एक, खाली एक, आणि दोन टोके वेगळ्या कामासाठी राखीव. तो जुळण्याचे कारण साहित्यात आहे. सौरघट हे सिलिकॉनचे पातळ, ठिसूळ, सपाट तुकडे असतात. गोलावर ते चिकटवता येत नाहीत, वाकवले तर तडकतात. आर्यभट स्वतःभोवती फिरत स्थिर राहणारा उपग्रह होता. सूर्य कुठल्याही बाजूला असला तरी काही घटांवर ऊन पडत राहायला हवे, म्हणून आकार गोलाच्या जवळचा हवा. साहित्य सपाट आणि आकार गोल, या पेचातून अभियंता बहुपृष्ठकाकडे येतो. कंदील करणाऱ्याचा पेचही हाच. दिवा मध्ये, प्रकाश चारी दिशांना सारखा हवा, आणि हाताशी सरळ कामट्या व सपाट कागद.

कंदिलाच्या या आकाराला युरोपात फार मोठे गोत्र आहे. आर्किमिडीजने असे तेरा घन अभ्यासले होते, असे पापुस या ग्रीक गणितज्ञाने लिहून ठेवले आहे. आर्किमिडीजचे मूळ लेखन मात्र हरवले. नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात लुका पाचोली या गणिती साधूचे एक चित्र आहे, त्यावर १४९५ हे साल आहे. साधू मेजापाशी उभा राहून भूमिती शिकवतो आहे आणि त्याच्या शेजारी हवेत, एका दोऱ्याला लटकलेला, काचेचा सव्वीस पृष्ठांचा घन आहे, पाण्याने अर्धा भरलेला. मराठी माणसाने ते चित्र प्रथम पाहिले तर त्याला भूमितीच्या आधी दिवाळी आठवेल. याच पाचोलीच्या १५०९ साली छापलेल्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंचीने घनांची चित्रे काढली. त्यातली पोकळ घनांची चित्रे नुसत्या कडांची आहेत, बांबूच्या सांगाड्यासारखी. आणि १५२५ मध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या मोजमापावरच्या पुस्तकात घनांच्या घडणी छापल्या. घडण म्हणजे घन उलगडून सपाट केला की कागदावर जो आकार पडतो तो. आपल्या शाळेच्या गणिताच्या पुस्तकात हाच शब्द आहे. कापा, दुमडा, चिकटवा, ही सूचना छापील पुस्तकात तिथे प्रथम आली. कागदी प्रतिकृतींचा इतिहास लिहायचा तर तो ड्यूररपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. केप्लरने १६१९ मध्ये या घनांना पद्धतशीर नावे दिली. ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारा आणि कंदिलाच्या आकाराला नाव देणारा माणूस एकच, याची मला नेहमी गंमत वाटते.

आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकात नव्हते, बोटांत होते. ज्यांच्या बोटांत होते त्यांचे नाव वसईच्या परिसरात एका अनपेक्षित जागी टिकून आहे. नालासोपाऱ्याचा प्राचीन बौद्ध स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. दगडी पेटीच्या आत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडे तिथे मिळाले. तोवर त्या उंचवट्याला स्थानिक लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या कामट्या काढून सुपे, टोपल्या, रोवळ्या विणणारा. शूर्पारक या गावाच्या जुन्या नावातच शूर्प, म्हणजे सूप आहे. त्याच्या स्तूपाला लोकांनी बुरुडाचा कोट म्हणावे, यातला संबंध भाषाशास्त्रज्ञांनी तपासावा. मी एवढेच म्हणेन की कामटी तासून, समान मापाचे चौकोन दोऱ्याने बांधून, मध्ये त्रिकोण आपोआप पडू देण्याची युक्ती ज्याला येते, त्याला आर्किमिडीज शिकवावा लागत नाही.

वसई-विरारमध्ये या कलेला वर्षातून दोन हंगाम आहेत. दिवाळीचा कंदील उतरतो आणि महिन्याभरात ख्रिस्ती वस्त्यांमध्ये नाताळचा तारा चढतो. हल्ली दोन्ही बहुतेक तयार आणि प्लास्टिकचे असतात. पण ज्या घरांत अजून हाताने होतात, तिथे सांगाडा बांबूचा, कागद पतंगी आणि चिकटवायला घरची खळ. दोन सणांचे हात एकच गणित करतात. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यांनाही मी याच परंपरेत धरतो. तीही प्रमाणबद्ध प्रतिकृतीच, निदान तशी इच्छा तरी असतेच. गंमत म्हणजे वसईची मुलेसुद्धा किल्ला करतात तो डोंगरी. शेजारचा खरा किल्ला समुद्रकाठच्या सपाटीवर दहा कोनांत पसरलेला आहे आणि प्रत्येक कोनावर बुरूज आहे. तो मातीपेक्षा पुठ्ठ्यात फार सुरेख उतरेल, कारण तो मुळात कागदावर, पट्टी आणि कोनमापकाने जन्मला. पण सह्याद्रीच्या उंचीची ओढच अशी की चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला अंगणात क्वचितच येतो.

छापील कागदी प्रतिकृतींचा विसाव्या शतकातला बहर मात्र टंचाईतून आला. दुसऱ्या महायुद्धात धातू तोफा-विमानांकडे गेला आणि इंग्लंडमध्ये खेळण्यांना पत्रा उरला नाही. १९४१ मध्ये जेफ्री हेवे यांनी ‘मायक्रोमॉडेल्स’ काढली: पोस्टकार्डाच्या आकाराच्या काही कार्डांचे पाकीट, त्यावर आगगाडीची इंजिने, जहाजे, इमारती, सगळे नखाएवढ्या भागांत. पाकीट इतके लहान की ते खिशात मावे. पोलंडमध्ये १९५७ साली ‘मावी मोडेलाश’, म्हणजे छोटा प्रतिकृतीकार, हे मासिक निघाले. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला पहिला स्पुटनिक उडाला. कागदाला नवे विषय मिळाले. १९६९ मध्ये अमेरिकेत गल्फ या तेलकंपनीच्या पेट्रोल पंपांवर चांद्रयानाची कागदी प्रतिकृती फुकट वाटली गेली. छापलेले भाग नुसते बोटाने दाबून सुटे करायचे, कात्रीही नको. ज्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याच उन्हाळ्यात किती घरांच्या जेवणाच्या टेबलांवर तो आधीच उतरलेला असेल.

त्या चांद्रयानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण कागदी प्रतिकृतीला ‘खेळणे’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ती सहसा ठाऊक नसते. वजन वाचवण्यासाठी त्याच्या केबिनच्या ॲल्युमिनियमच्या भिंती काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीच्या केल्या होत्या. आपण लग्नपत्रिकेला वापरतो ते कार्डशीट साधारण तेवढेच असते. म्हणजे १:१० प्रमाणात काटेकोर प्रतिकृती करायची झाली तर ती भिंत पतंगी कागदाची करावी लागेल. जाड पुठ्ठ्याचे चांद्रयान खऱ्यापेक्षा मजबूत होते, हाच त्यातला दोष. यानावरचा तो चुरगळलेला सोनेरी पापुद्रा तर आपल्या मिठाईच्या खोक्यातल्या चमकीचा जवळचा नातलग आहे. तो सोन्याचा नसतो. पिवळसर, पारदर्शक पॉलिमरच्या पातळ थराला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, म्हणून सोने दिसते. असे अनेक थर एकावर एक ठेवून थंडी-उन्हापासून बचाव करणारी गोधडी शिवतात. गोधडी हा शब्द मी उपमेसाठी वापरत नाही. ती मापे घेऊन बेततात, कापतात आणि हातानेच यानाला चढवतात. जपानच्या कोर्यो मिउरा यांनी शोधलेली कागदाची घडी वापरून १९९५ मध्ये एका जपानी यानावर सौरपट्ट उलगडला. कागद अवकाशाकडून शिकला तसे अवकाशही कागदाकडून शिकले.

आता आपल्याकडे येऊ. आर्यभट मराठी घरांत पोचला तो कागदावरूनच: १९७५ च्या टपाल तिकिटावरून आणि नंतर दोन रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूवरून. त्या नोटेने किती भाजीवाल्यांच्या गल्ल्यांतून आणि किती मुलांच्या चिंचा-बोरांच्या व्यवहारांतून तो उपग्रह फिरवला असेल. आर्यभटमध्ये मुंबईचाही वाटा होता: सूर्याकडून येणारे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण मोजण्याचा प्रयोग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा होता. पहिल्या आठवड्यातच विद्युतपुरवठ्यात बिघाड होऊन प्रयोग बंद पडले, पण उपग्रहाची मुख्य यंत्रणा पुढे काही वर्षे संदेश देत राहिली. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो वातावरणात शिरून जळाला. नोट त्यानंतरही चालत होती.

नोटेवरचे चित्र मात्र एकाच बाजूचे आहे. इथून प्रतिकृती करणाऱ्याची खरी अडचण सुरू होते, आणि माझ्या मते इतिहासकाराचीही. लेखात ‘सव्वीस पृष्ठांचा उपग्रह’ असे लिहून पुढे जाता येते. कागद कापणाऱ्याला पुढे जाता येत नाही. त्याला प्रत्येक पृष्ठाची कड किती, तिरका पट्टा किती अंशात कलतो, तळाला काय आहे, अँटेना कुठून फुटते, हे ठरवावेच लागते. छायाचित्र घेणारा नेहमी चांगल्या बाजूला उभा असतो. चांगल्या बाजूची शंभर छायाचित्रे मिळतात आणि मागच्या बाजूचे एकही मिळत नाही. लेखक ‘इत्यादी’ लिहू शकतो; पुठ्ठ्यात ‘इत्यादी’ कापता येत नाही. म्हणून मी प्रतिकृतीला पुराव्याची चाळणी मानतो. वर्णनात कुठे भोक आहे ते तिथे लगेच कळते.

मंगळयानाच्या बाबतीत मापे बरीच मिळतात. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबिजेची दुपार, दोन वाजून अडतीस मिनिटांनी पीएसएलव्ही-सी २५ श्रीहरिकोट्याहून निघाले. यानाचे इंधनासह वजन १३३७ किलो, त्यातले ८५२ किलो निव्वळ इंधन. यानाचा मुख्य ठोकळा सुमारे दीड मीटरचा, मोठी अँटेना २.२ मीटर व्यासाची, आणि १.८ बाय १.४ मीटरचे तीन सौरपट्ट. १:२० प्रमाण धरले तर साडेसात सेंटिमीटरचा ठोकळा, अकरा सेंटिमीटरची थाळी आणि नऊ बाय सातचे तीन पत्ते. खेळायच्या पत्त्याहून थोडे रुंद. रॉकेटच्या टोकाचे उष्णतारोधक कवच ३.२ मीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या प्रमाणात सोळा सेंटिमीटर. तिन्ही पत्ते उलगडलेले ठेवले तर ते त्यात मावत नाहीत. घडी का घालावी लागते, हे मुलांना सांगायची गरज उरत नाही. त्यांच्या हातातच ते अडते.

सर्वांत छळते ती थाळी. कागद एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. पोळी गुंडाळता येते, पण तिची वाटी करायला गेलो तर चुण्या पडतात. गाउसने १८२७ मध्ये हे गणिताने सिद्ध केले: पृष्ठ ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाटाचा वाडगा होत नाही. म्हणून थाळी पाकळ्यांची करावी लागते, छत्रीसारखी. मी बारा पाकळ्यांची केली. आठांची कोनेदार दिसते आणि सोळांच्या जोडांत गोंदच जास्त होतो. पाकळ्या कापण्याआधी घडीच्या रेषेवरून न लिहिणाऱ्या बॉलपेनचे टोक दाबून फिरवायचे, म्हणजे कड स्वच्छ मोडते. गोंद टूथपिकने आणि जेमतेम लावायचा. पावसाळ्यात हे काम काढू नये. वसईच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये कार्डशीट सकाळी सरळ असते आणि संध्याकाळी पापडासारखी वळते.

विरारच्या एका विज्ञान प्रदर्शनात ही प्रतिकृती ठेवली होती तेव्हा पाचवी-सहावीतल्या एका मुलीने विचारले, “काका, दुसरा पंख मोडला का?” प्रश्न रास्त होता. उपग्रह म्हटला की मधला ठोकळा आणि दोन्हीकडे पंख असे चित्र आपल्या डोक्यात बसलेले आहे. मंगळयानाला सौरपट्ट एकाच बाजूला होता. ती मुलगी मग यानाच्या भोवती फिरून पलीकडे गेली. छायाचित्रासमोर उभ्या राहिलेल्या कुणाला असे पलीकडे जाता येत नाही.

आणखी एक पेच असतो, तो मापांचा नसतो. अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने आपल्या यानांच्या कागदी घडणी शाळांसाठी उपलब्ध केल्या, त्यात गुरूकडे गेलेले ‘गॅलिलिओ’ आहे. त्याची मोठी अँटेना अठरा काड्यांची, छत्रीसारखी मिटलेली होती आणि वाटेत उघडायची होती. एप्रिल १९९१ मध्ये आज्ञा दिली तेव्हा काही काड्या अडकल्या आणि छत्री अर्धवटच उघडली. शास्त्रज्ञांनी मग लहान अँटेनेवरून, अतिशय संथ गतीने माहिती आणून मोहीम तडीस नेली. प्रतिकृती करणाऱ्याने कोणते गॅलिलिओ करायचे, आराखड्यातले की प्रत्यक्ष गुरूभोवती फिरलेले? उघडी छत्री देखणी दिसते. पण तशा रूपातले गॅलिलिओ अवकाशात कधीच नव्हते. माझ्या कपाटातल्या गॅलिलिओची छत्री एका बाजूला अडकलेली आहे. पाहुणे ती नीट करायला हात पुढे करतात, त्यांना थांबवावे लागते.

जुने मडके जोडताना पुरातत्त्वज्ञ हरवलेल्या तुकड्यांच्या जागी साधे प्लास्टर भरतात आणि त्याचा रंग मुद्दाम वेगळा ठेवतात, म्हणजे मूळ काय आणि भर काय हे बघणाऱ्याला कळते. कागदी यानालाही मी हाच नियम लावतो. जिथे छायाचित्र किंवा प्रसिद्ध झालेले माप आहे तिथे रंग, चमकी, सौरघटांच्या निळ्या रेषा. जिथे काही नाही तिथे कोरा पांढरा कागद. कल्पनेने बारीक नक्षी भरली तर प्रतिकृती अधिक ‘तपशीलवार’ दिसते, बक्षीसही तिलाच मिळते. पण वीस वर्षांनी कुणी तिच्यावरून दुसरी प्रतिकृती करील, आणि मग माझी नक्षी त्याचा पुरावा होईल. आपल्या इतिहासलेखनात असे किती वेळा झाले आहे, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले यान सात वर्षांहून अधिक काळ चालले आणि २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. त्याचेही चित्र नोटेवर आले होते, नोव्हेंबर २०१६ मधल्या दोन हजारांच्या नोटेवर. ती नोट २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्यात आली. यान मंगळाभोवती निःशब्द फिरते आहे. माझ्या मेजावरच्या १:२० च्या यानात ठोकळ्याच्या एका बाजूचा अर्धा भाग अजून पांढरा आहे. त्या बाजूचे एखादे स्वच्छ छायाचित्र कुणाच्या संग्रही असेल, तर तेवढे पृष्ठ उकलून पुन्हा चिकटवता येईल असा गोंद मी तिथे लावून ठेवला आहे.